एलजीबीटी रुग्णांविषयी एमबीबीएसच्या मुलांना शिकवायचंय? इथून सुरुवात करा

पुण्यातल्या कुठल्याही मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून नवीन रुजू झालात की दोन गोष्टी ठरलेल्या: पार्किंगला जागा मिळत नाही आणि एटकॉमची (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारी) सत्रं तुमच्या गळ्यात पडतात. मग एके दिवशी एचओडींचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, निरोप येतो, "एलजीबीटी पेशंटवर तासभर घ्या, मुलांना जरा सेन्सिटाइज करा." त्यापुढे काही सूचना नसते, कारण निरोप देणाऱ्यांना स्वतःलाही हे कुणी शिकवलेलं नसतं. मग तुम्ही रात्री बसून स्लाइड बनवता, इंद्रधनुष्याचं चित्र टाकता, समानतेवर चार वाक्यं बोलता आणि मुलं हजेरी लावून कॅन्टीनला जातात.

तसं व्हायला नको असेल तर पुढचं वाचा. मी मेडिसिन शिकवतो, त्यामुळे उदाहरणं बरीचशी त्या बाजूची आहेत. सर्जरी आणि गायनॅकवाल्यांनी आपापली घालावीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं: हा विषय सहानुभूतीचा म्हणून शिकवू नका, क्लिनिकल कौशल्याचा म्हणून शिकवा. प्लीहा हाताला लागते का हे आपण भाषण देऊन शिकवत नाही, मुलाचा हात धरून शिकवतो आणि मग परीक्षेत ते करून दाखवायला लावतो. इथेही तेच. प्रश्न कसा विचारला, केसपेपरवर काय लिहिलं, तपासताना पडदा ओढला का, राउंडला काय बोलला. मुलाच्या मनातलं मत बदललं तर आनंदच आहे, पण तुमच्या हातात आहे ते त्याचं वागणं.

पहिली पायरी: स्वतःचा गृहपाठ

पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारणारच, "सर, पण हा आजारच ना?" तेव्हा चाचपडू नका. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1973 साली काढली. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी तसाच निर्णय घेतला. आपल्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही 2018 मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असणं मानसिक आजारांच्या प्रकरणात राहिलेलं नाही. ते लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात गेलं आहे. ते पूर्णपणे वगळलं का नाही, असं एखादी हुशार मुलगी विचारेल. उत्तर साधं आहे: हार्मोन किंवा शस्त्रक्रिया हवी असेल तर त्या उपचाराला वर्गीकरणात कोड लागतो. कोड नसेल तर उपचाराची नोंद आणि विम्याचा दावा दोन्ही अडतात.

कायद्याचं एवढं माहीत असू द्या. 15 एप्रिल 2014 चा नालसा निकाल, ज्याने पारलिंगी व्यक्तींच्या ओळखीला कायदेशीर मान्यता मिळाली, आणि 6 सप्टेंबर 2018 चा नवतेज सिंग जोहर निकाल, ज्याने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम 377 निष्प्रभ झालं. मुलांना हे दोन्ही ऐकून माहीत असतात. त्यांना माहीत नसतो तो 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्याच्या 18व्या कलमात लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि 14व्या कलमानुसार रुग्णाला कुठल्याही प्रौढ व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं, रक्ताचं नातं लागत नाही. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या 15व्या कलमात तर डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आढावा घ्यावा अशीच तरतूद केली होती. "अभ्यासक्रमात कुठे आहे हे?" असं विचारणाऱ्या सहकाऱ्यांसाठी ते कलम खिशात ठेवा.

आणि एक गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मद्रास उच्च न्यायालयाने 7 जून 2021 रोजी एस. सुषमा प्रकरणात लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांविरुद्ध आदेश दिले. त्यानंतर 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने असा "उपचार" करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांना कळवलं. म्हणजे "गोळ्या चालू करू, सहा महिन्यांत नॉर्मल होईल" असं पालकांना सांगणाऱ्या डॉक्टरचं रजिस्ट्रेशन पणाला लागतं. रजिस्ट्रेशन म्हटलं की इंटर्न मंडळी सावरून बसतात, असा अनुभव आहे.

दुसरी पायरी: फॉरेन्सिकचं जुनं पुस्तक वर्गात आणा

ही पायरी मला स्वतःला फार आवडते. डिपार्टमेंटच्या कपाटातली जुनी आवृत्ती काढा, लैंगिक गुन्ह्यांचं प्रकरण उघडा आणि मुलांना मोठ्याने वाचायला लावा. समलिंगी संबंध "विकृतीं"च्या यादीत, प्रेतसंभोगाच्या आसपास. मुलं हसतात, मग हसू थांबतं. हेच पाठ करून आपण सगळे पास झालो आहोत आणि आज ओपीडी चालवतो आहोत.

मग पुढचा घटनाक्रम सांगा. 2021 मध्ये मद्रास आणि केरळ उच्च न्यायालयांच्या आदेशांनंतर कमिशनने ऑक्टोबरमध्ये लेखकांना आणि कॉलेजांना अपमानास्पद, अशास्त्रीय मजकूर टाळायला सांगितलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये नव्या अभ्यासक्रमाच्या कागदात "लेस्बियनिझम" आणि "सोडोमी" पुन्हा अनैसर्गिक गुन्हे म्हणून छापून आले. ओरड झाली आणि 5 सप्टेंबरला तो कागद मागे घ्यावा लागला. म्हणजे मजकूर काढला, परत आला, परत काढला, हे सगळं आत्ता-आत्ताचं आहे. तुमच्या वर्गातल्या काही मुलांनी वर्तमानपत्रात वाचलंही असेल.

याच तासात तपासणीचा विषय उरकून घ्या. "टू फिंगर टेस्ट" (बलात्काराच्या तपासणीत योनीत दोन बोटं घालून बघण्याची जुनी पद्धत) करणाऱ्यांना गैरवर्तनासाठी जबाबदार धरलं जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 रोजी बजावलं. त्याचीच भावंडं म्हणजे गुदद्वार तपासून माणूस समलिंगी आहे का हे "सांगणारी" तपासणी. तिला कसलाही शास्त्रीय आधार नाही आणि वर्ल्ड मेडिकल असोसिएशनने 2017 मध्ये तिचा निषेध केला आहे. व्हायवात हा प्रश्न विचारणारे परीक्षक अजून भेटतात. मुलांना उत्तर माहीत असलं म्हणजे झालं.

तिसरी पायरी: हॉल नको, बॅच हवी

अडीचशेच्या हॉलमध्ये हा विषय घेऊ नका. मागच्या बाकांवरून एक कॉमेंट येते, पन्नास जण हसतात आणि त्या हसण्याने तुमचं सत्र संपतं. क्लिनिकल पोस्टिंगची दहा-बारा जणांची बॅच घ्या, शक्यतो पोस्टिंगच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे हिस्टरी घेण्याची थोडी सवय झालेली असते.

त्या दहा-बारांतही एखादं मूल समलिंगी, उभयलैंगिक किंवा पारलिंगी असू शकतं, हे धरूनच बोला. "तुमच्यापैकी कुणी आहे का?" हा प्रश्न गमतीतही नको. हात वर करायला लावणारा कुठलाही खेळ नको. शंकांसाठी चिठ्ठ्या घ्या, सगळ्यांना एकाच रंगाचे कागद आणि एकाच प्रकारची पेनं द्या, आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच, शंका नसेल तर "शंका नाही" असं. नाहीतर कोण लिहितंय याकडेच सगळ्यांचं लक्ष. हॉस्टेलवर बातमी पसरायला वेळ लागत नाही.

चौथी पायरी: हाक आणि क्रियापद

इथे वेळ द्या, कारण पूर्वग्रह बाहेर पडतो तो बहुतेकदा पहिल्या वाक्यात.

मराठीत शिकवणाऱ्यांना एक सोय फुकट मिळाली आहे. "कधी आलास?" आणि "कधी आलीस?" यात समोरच्याचं लिंग तुम्हाला ठरवावंच लागतं. "कधी आलात?" यात ठरवावं लागत नाही. तेव्हा पहिला नियम: ओपीडीत प्रत्येक प्रौढ माणसाला "तुम्ही". तो पाळला की निम्म्या अडचणी संपतात, आणि झोपडपट्टीतून आलेल्या माणसाला "तू" आणि कोथरूडहून आलेल्याला "तुम्ही" हा दुसरा रोगही जाता जाता बरा होतो.

दुसरा नियम: काका, मावशी, दादा, ताई या हाका जरा थांबवून ठेवा. वॉर्डात त्या प्रेमाने मारल्या जातात हे खरं, पण साडी नेसलेल्या व्यक्तीला "दादा" म्हणालात की पुढची हिस्टरी विसरा. "तुम्हाला काय नावाने हाक मारू?" एवढं विचारायचं. आधार कार्डावरचं नाव वेगळं असेल तर केसपेपरवर ते राहतंच, कारण योजनांची कागदपत्रं जुळावी लागतात. पण त्याच्या शेजारी पेन्सिलने नाही, पेनाने हाक मारायचं नाव लिहा आणि सिस्टरना सांगा. शंभर माणसांसमोर खिडकीतून कागदावरचं नाव पुकारलं जाणं हे अनेकांचं परत न येण्याचं कारण असतं.

तिसरं, कान उघडे ठेवायला शिकवा. माणूस स्वतःबद्दल "मी आलो" म्हणतो की "मी आले", ते ऐका आणि तेच धरा. वडील शेजारी बसलेले असताना "आलो" म्हणणारी व्यक्ती एकटी असताना "आले" म्हणू शकते. मग वडिलांसमोर तुम्हीही जपून बोलायचं, घरी काय माहीत आहे आणि काय नाही ते तिने ठरवायचं आहे. (कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी बायका सरसकट "मी आलो" म्हणतात. क्रियापदावरून निदान करू नका.)

यासाठी पंधरा मिनिटांचा सराव पुरतो. मुलांच्या जोड्या लावा, एकाने पोटदुखीचा पेशंट व्हायचं, दुसऱ्याने हिस्टरी घ्यायची, अट एकच: समोरच्याचं लिंग धरून चालणारा एकही शब्द येता कामा नये. "मिसेस काय करतात?" असं कुणी विचारलं की बॅच ओरडते. "घरी कोण कोण असतं?" या प्रश्नात बायको, नवरा, जोडीदार, गुरू, चेले, रूममेट सगळे मावतात हे मुलांना आपलं आपण सापडतं. त्यांना ते सापडू द्या, आधी सांगू नका.

पाचवी पायरी: लैंगिक हिस्टरी, मराठीत आणि मोठ्याने

आपली मुलं अनियमित पाळीबद्दल बोलतील, शौचाचा रंग विचारतील, पण शरीरसंबंध म्हटलं की एकदम इंग्रजीत जातात किंवा "तसलं काही?" असं पुटपुटतात. "तसलं" ऐकून पेशंट "नाही" म्हणतो, केसपेपरवर "नथिंग सिग्निफिकंट" लिहिलं जातं आणि सिफिलिस घरी जातो.

म्हणून वाक्यं पाठ करून घ्या. होय, पाठच. मी बॅचला लिहून देतो ती अशी:

"आता काही खासगी प्रश्न विचारतो. हे मी अशा तक्रारी असलेल्या सगळ्यांनाच विचारतो. उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगा."

"सध्या कुणाशी शरीरसंबंध येतो का? पुरुषांशी, स्त्रियांशी, तृतीयपंथी व्यक्तींशी, की एकाहून जास्त?"

"संबंध कसा येतो, योनीतून, गुदद्वारातून, तोंडाने? यावरून स्वॅब कुठून घ्यायचा ते ठरतं, म्हणून विचारतो."

"कंडोम कधी वापरता, कधी राहून जातो?"

"मनाविरुद्ध कधी काही घडलं आहे का? आत्ता सांगायचं नसेल तर नंतरही सांगू शकता."

तिसऱ्या वाक्यातलं "म्हणून विचारतो" फार महत्त्वाचं. कारण सांगितलं की प्रश्न चौकशी वाटत नाही. आणि ते कारण खरं आहे: गनोरिया घशात आणि गुदद्वारात लक्षणांशिवाय राहू शकतो, नुसत्या लघवीच्या तपासणीत तो सुटतो. प्रत्येकाने ही वाक्यं बॅचसमोर उभं राहून, चेहरा सरळ ठेवून म्हणायची. पहिल्या फेरीत हशा होतो. तिसऱ्या फेरीत कुणी हसत नाही.

मात्र हे केव्हा विचारायचं नाही, तेही त्याच तासात शिकवा. ऑगस्टमध्ये ताप, अंगदुखी आणि कमी प्लेटलेट घेऊन आलेल्या पारलिंगी बाईला पुण्यात आधी डेंग्यू असतो. तिची "सर्जरी झाली आहे का" हा प्रश्न डेंग्यूच्या निदानाला काडीचा उपयोगाचा नाही, तो फक्त कुतूहलाचा आहे. मुलांना एकच कसोटी द्या: या उत्तराने माझी पुढची तपासणी किंवा औषध बदलणार आहे का? नसेल तर तोंड बंद.

एचआयव्ही चाचणीचंही तसंच. समलिंगी आहे म्हणून न विचारता चाचणी पाठवणं 2017 च्या एचआयव्ही कायद्यात बसत नाही. समजावून, संमती घेऊन करायची, आणि रिपोर्ट नातेवाइकांच्या हातात द्यायचा नाही. केसपेपरच्या कव्हरवर लाल पेनाने काही लिहिण्याची जुनी खोड अजून कुठे दिसली तर ती तिथल्या तिथे मोडा.

सहावी पायरी: अवयव बघा, पाटी बघू नका

या भागात मुलं सगळ्यात जास्त रमतात, कारण इथे मेडिसिन आहे. छोट्या केसेस द्या आणि काय चुकलं ते शोधायला लावा.

पारलिंगी पुरुष, टेस्टोस्टेरॉनवर, गर्भाशयमुख शाबूत: त्याला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी लागते, पण लॅबच्या फॉर्मवर "पु" लिहिल्यामुळे नमुना परत येतो. त्याची पाळी थांबली आहे म्हणून गर्भ राहणार नाही असं समजू नका, टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही. त्याचा हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) वाढू शकतो, तो अधूनमधून बघा. छाती घट्ट बांधत असेल तर त्वचा आणि श्वास दोन्हीकडे लक्ष द्या.

पारलिंगी स्त्री, खालची शस्त्रक्रिया होऊन दहा वर्षं झालेली: प्रोस्टेट अजून जागेवर आहे, त्या शस्त्रक्रियेत ती काढत नाहीत. साठीला लघवी अडली तर आठवा.

आता आपल्याकडे नेहमी दिसणारी केस. पंचविशीतली पारलिंगी मुलगी, डावी पोटरी सुजलेली, दुखते. केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला दोन-तीन खाते, कारण कुणीतरी सांगितलं की त्याने लवकर फरक दिसतो. त्या गोळ्यांतल्या एथिनिल इस्ट्रॅडिऑलने रक्ताच्या गाठींचा धोका वाढतो, सिगारेट असेल तर आणखी. मुलांचा पहिला आवेश असतो "गोळ्या बंद करा" असं सुनावण्याचा. सुनावलं की ती जाते आणि गोळ्या चालूच राहतात. गाठीचे उपचार करायचे, ही गोळी का धोक्याची ते सांगायचं, आणि एंडोक्राइनच्या ओपीडीत पाठवून देखरेखीखाली सुरक्षित पर्यायाची वाट मोकळी करायची. असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ इन इंडियाने 2020 मध्ये भारतीय डॉक्टरांसाठी उपचारांचे निकष काढले आहेत, ते डाउनलोड करून बॅचच्या ग्रुपवर टाका.

कॅज्युअल्टीत येणारी आणखी एक अडचण. "निर्वाण" झालेली, म्हणजे परंपरेने किंवा कुठल्या तरी छोट्या दवाखान्यात लिंग आणि वृषण काढलेली व्यक्ती लघवी तुंबली म्हणून येते. मूत्रमार्गाचं तोंड आकसलेलं असतं, इंटर्नला ते दिसत नाही, तो तीनदा कॅथेटर घालायचा प्रयत्न करतो आणि रक्त काढतो. आधी तिलाच विचारा, लघवी कुठून आणि कशी होते. प्रकाश नीट घ्या, बारीक कॅथेटर घ्या, एका प्रयत्नात जमलं नाही तर युरॉलॉजीला फोन करा. अशा व्यक्तीला वर्षानुवर्षं हार्मोन नसतील तर हाडं ठिसूळ होतात, हेही लिहून ठेवा.

बायकांशी संबंध असणाऱ्या बायकांना पॅप स्मीअर (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी) लागत नाही, हा गैरसमज डॉक्टरांतच जास्त आहे. हा कॅन्सर करणारा एचपीव्ही विषाणू त्वचेच्या संपर्काने जातो, शिवाय यातल्या अनेकींची लग्नं झालेली असतात किंवा पूर्वी पुरुषांशी संबंध आलेले असतात. एचपीव्हीच्या लशीबद्दल बोलताना पुण्याच्याच सीरमची सर्व्हावॅक हाताशी आहे. हेपॅटायटिस बीची लस, एचआयव्ही टाळायला संपर्कानंतर 72 तासांच्या आत सुरू करायचं औषध म्हणजे पेप आणि आधीपासून घ्यायचं प्रेप, हे तिन्ही इंटर्नला झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

रक्तपेढीच्या पोस्टिंगमध्ये एक अवघड प्रश्न येईल. 2017 च्या राष्ट्रीय रक्तदाता निकषांनी पारलिंगी व्यक्ती आणि पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांना रक्तदानातून कायमचं वगळलं, आणि ते सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. मुलांना दोन्ही बाजू मांडायला लावा. पण कॅम्पमध्ये दात्याला नाही म्हणायची वेळ आली तर ते बाजूला नेऊन, दोन वाक्यांत, कारण सांगून. टेबलावरून ओरडून नाही.

सातवी पायरी: वॉर्ड

"इंटरेस्टिंग केस आहे, सगळे या" हे आपलं राष्ट्रीय वाक्य. मूळव्याधीचा पेशंटसुद्धा ते सहन करतो, पण पारलिंगी पेशंटच्या खाटेभोवती सगळ्या बॅच एकामागून एक पांघरूण उचलून जातात, आणि तो न्यूमोनियासाठी दाखल असतो. नियम करा: जननेंद्रियांची तपासणी तक्रारीशी संबंधित असेल तरच, पेशंटला आधी एकट्यात विचारून, जास्तीत जास्त दोन विद्यार्थी, सोबत पेशंटला चालेल अशी एक व्यक्ती. "नाही" म्हटलं तर उपचारात काडीचा फरक पडणार नाही हे तोंडाने सांगायचं.

पुरुषांचा वॉर्ड की स्त्रियांचा? विचारा. सोय नसेल तर नाही म्हणून सांगा, पण स्ट्रेचर पॅसेजमध्ये ठेवून दोन वॉर्डांच्या सिस्टरना भांडायला लावू नका.

सही कुणाची? शुद्धीवर असलेल्या, समजून घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाची स्वतःची. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात आईने दिलेली संमतीही रुग्णाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही असं ठरवलं. तेव्हा "रक्ताचं नातं असलेलं कुणी आणा" म्हणून जोडीदाराला हाकलणं ही वॉर्डाची परंपरा आहे, कायदा नाही.

आणि मामा, मावशी (वॉर्डबॉय आणि आया), सिक्युरिटी, केसपेपरची खिडकी. पेशंट डॉक्टरपर्यंत पोचण्याआधी यांच्यापाशी चार वेळा अडतो. मुलांना शिकवून झालं की अर्धा तास यांच्यासाठी काढा, चहा सांगा. ते प्रश्न मोकळेपणाने विचारतात, मुलांपेक्षा जास्त.

आठवी पायरी: पाहुणे

पूर्वग्रह कमी व्हायला ओळख लागते. समाजातल्या व्यक्तींना बोलवा, पण त्यांची कर्मकहाणी ऐकायला नाही. दवाखान्यात काय घडतं आणि काय घडायला हवं होतं, एवढ्यावर बोलायला सांगा. शक्यतो दोघा-तिघांना, म्हणजे एकावर सगळ्यांचं प्रतिनिधित्व पडत नाही. मानधन द्या, रिक्षाचे पैसे वेगळे द्या. बाहेरच्या व्याख्यात्याला शाल-श्रीफळ आणि यांना नुसता चहा, असं करू नका.

पुण्यात माणसं शोधायला अडचण नाही. समपथिक ट्रस्ट बिंदुमाधव खिरे यांनी इथेच 2002 मध्ये सुरू केला, 2011 पासून इथे प्राइड मोर्चे निघाले, आणि भोसरीला एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. पुण्यात पारलिंगी लोकांसाठी खास "मित्र क्लिनिक"ही होतं. अमेरिकेचा निधी थांबल्यावर 2025 च्या सुरुवातीला ते बंद पडलं. तिथे जाणारे लोक आता तुमच्या-माझ्या ओपीडीच्या रांगेत आहेत, हे मुलांना जरूर सांगा.

नववी पायरी: "सर, मला हे पटत नाही"

म्हणणारं कुणीतरी निघेल आणि निघालं तर बरंच, गप्प बसणाऱ्यांपेक्षा परवडलं. त्याच्याशी धर्म-संस्कृतीवर वाद घालू नका. त्याला विचारा, दारू पिऊन गाडी ठोकलेल्या माणसाचं पटतं का? टाके घालतोस ना? इतकंच बोलायचं आणि पुढच्या केसकडे वळायचं.

सरावाला सगळ्यात चांगली केस म्हणजे पालकांची. सदाशिव पेठेतलं जोडपं वीस वर्षांच्या मुलीला घेऊन आलंय, मोबाइलमध्ये मैत्रिणीचे मेसेज सापडलेत, "डॉक्टर, हिला काहीतरी द्या." विद्यार्थ्याने आधी आई-वडिलांना बाहेर बसवायचं ("मी सगळ्याच पेशंटशी पाच मिनिटं एकट्याशी बोलतो"), मुलीला विचारायचं की घरी सुरक्षित वाटतं का, मारहाण होते का, जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो का. मग पालकांना आत बोलावून, मुलीने परवानगी दिली असेल तेवढंच बोलायचं: हा आजार नाही, याला औषध नाही, असं औषध देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पालकांवर खेकसायचं नाही. ते घाबरलेले असतात आणि शेवटी ती मुलगी त्यांच्याच बरोबर रिक्षात बसून घरी जाणार असते.

मुलगी सतरा वर्षांची असती तर? हा उपप्रश्न नक्की टाका. अठराच्या खाली शरीरसंबंधाची माहिती मिळाली की पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) 19व्या कलमाखाली कळवण्याची सक्ती येते. म्हणून गुप्ततेचं वचन देताना त्याची मर्यादा आधीच सांगायची, हिस्टरी घेऊन झाल्यावर नाही.

दहावी पायरी: परीक्षेत ठेवा

परीक्षेत नसलेलं आपली मुलं वाचत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. पोस्टिंगच्या शेवटी ओस्कीचं (ठरावीक वेळात कौशल्य करून दाखवायच्या परीक्षेचं) एक स्टेशन ठेवा, सात मिनिटांचं. पेशंटची भूमिका प्रशिक्षित माणसाकडे द्या, मानधन देऊन. समाजातली व्यक्ती तयार असेल तर उत्तम, पण रेसिडेंटला साडी नेसवून उभं करण्याचा पांचटपणा नको. तक्रार साधी ठेवा: खोकला तीन आठवडे. म्हणजे टीबीचे प्रश्न विचारतो का हेही कळतं, आणि पेशंट पारलिंगी दिसल्यावर खोकला सोडून भलतीकडे जातो का तेही.

मार्क असे: नाव विचारलं, दोन. लिंग गृहीत धरणारा शब्द नाही, दोन. सोबतच्या व्यक्तीला बाहेर थांबवलं किंवा थांबू द्यायचं का विचारलं, एक. खोकल्याची नीट हिस्टरी, चार. गैरलागू प्रश्न विचारला नाही, दोन. तपासणीआधी सांगितलं आणि पडदा ओढला, दोन. पेशंटने स्वतः दिलेले गुण, दोन. एकूण पंधरा. शेवटचे दोन मार्क परीक्षकाने बदलायचे नाहीत, एचओडींनीही नाही. हे एचओडींकडून सत्राआधीच लेखी घेऊन ठेवा.